पीएसआय, बार आणि स्पॅनिश : नाशिकमधून तांत्रिक अनुवाद करायचा असेल तर

नाशिकमध्ये राहून स्पॅनिशवर पोट भरता येतं का, असं नव्यानं भाषा शिकणारी मुलं विचारतात. येतं, पण साहित्यावर नाही, मॅन्युअलवर. सातपूर, अंबड, सिन्नरकडून बाहेरदेशी जाणाऱ्या पंप, व्हॉल्व्ह, फवारणी यंत्रांबरोबर इंग्रजी पुस्तिका जाते आणि मेक्सिको, पेरू किंवा स्पेनमधल्या गिऱ्हाइकाला ती स्पॅनिशमध्ये हवी असते. मेकॅनिकल डिप्लोमा केल्यावर मी भाषेकडे वळले, आणि माझं बहुतेक काम हेच.

अशा पुस्तिकेतली वाक्यं अवघड नसतात. ‘झाकण उघडण्याआधी मोटर बंद करा’ हे बी-वन, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीचा विद्यार्थीही लिहील. खरी मेहनत दाबाच्या आकड्यांवर लागते, आणि नवीन अनुवादक नेमका तोच भाग ‘आकडेच तर आहेत’ म्हणून जसाच्या तसा पुढं ढकलतो.

आधी आपल्या शॉपफ्लोअरवर कान द्या. फिटर म्हणतो, ‘लाइनला सात केजी प्रेशर आहे.’ त्याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम-बल. ड्रॉइंगवर तेच १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड-बल) असतं, युरोपच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर ६.९ बार आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ६९० किलोपास्कल. गंमत म्हणजे स्पेनमधला मेकॅनिकही टायरची हवा ‘किलोस’मध्येच सांगतो, आणि मेक्सिकोतला ‘लिब्रास’ म्हणतो, म्हणजे पीएसआय. त्यामुळे कामाच्या फायलीवर नुसतं ‘स्पॅनिश’ लिहून आलं तर मी काम सुरूच करत नाही. माल कुठल्या देशात जाणार, हे आधी विचारते. स्पेनमध्ये कायदेशीर एकके २०३२/२००९ क्रमांकाच्या शाही आदेशानं ठरलेली आहेत, तिथं नुसतं पीएसआय देऊन भागत नाही. मेक्सिकोत पीएसआय काढून टाकलंत तर वापरणाराच गोंधळेल.

पाठ करावीत अशी रूपांतरं थोडीच आहेत. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे १४.५ पीएसआय. एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८०६६५ बार, पीएसआयमध्ये १४.२२. प्रमाण वातावरणीय दाब १०१.३२५ किलोपास्कल. बार आणि ‘केजी’ यांत फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, म्हणून कारखान्यात दोन्ही एकच समजून चालतात. कागदावर तसं चालत नाही.

रूपांतर करताना कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. ‘सुमारे १०० पीएसआय’ याचं ६८९.४७६ किलोपास्कल केलंत तर मूळ लेखकानं न केलेला नेमकेपणाचा दावा तुम्ही केला. तिथं ६९० पुरे. कमाल मर्यादा असेल तर मात्र नेहमी खाली उतरायचं. १५० पीएसआय म्हणजे १०.३४ बार, तर १०.३ लिहा, १०.५ कधीच नाही. किमान मर्यादा असेल तर उलट, वर जायचं.

काही आकड्यांना हातच लावायचा नाही. ‘क्लास १५०’ची फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची चकती) म्हणजे १५० पीएसआयची फ्लँज नव्हे. नेहमीच्या कार्बन स्टीलची ही फ्लँज सामान्य तापमानाला सुमारे २८५ पीएसआय सोसते. ते वर्गाचं नाव आहे, स्पॅनिशमध्ये ‘क्लासे १५०’ राहतं. अर्धा इंच एनपीटी (पाइपच्या अमेरिकन मापाच्या) आट्याचे मिलिमीटर करू नयेत. गेजच्या डायलवर जे छापलंय, तेच पुस्तिकेत आधी आलं पाहिजे, रूपांतर त्याच्यानंतर. डायलवर पीएसआय आणि मजकुरात फक्त बार असेल तर यंत्रासमोर उभा असलेला माणूस काय करणार? म्हणून गिऱ्हाइकाकडून डायलचा फोटो मागवून घ्यायचा. सातपूरचा कारखाना असेल तर मी स्वतःच जाऊन बघते. दिल्लीत किंवा माद्रिदमध्ये बसलेल्या अनुवादकाला ही सोय नाही.

आता गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट. पीएसआयच्या शेपटीला ‘जी’ असला की वातावरणाच्या वरचा दाब, ‘ए’ असला की निर्वातापासून मोजलेला. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘प्रेसिओन मानोमेत्रिका’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘रेलातिवा’ही चालतं, दुसरा ‘आब्सोलुता’. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा नियम असा की ही माहिती एककाला न चिकटवता राशीच्या नावात द्यावी. म्हणून ‘मानोमेत्रिका दाब ७ बार’ असं लिहिणं शुद्ध. उद्योगात शेपट्या सर्रास चालतात, आणि गिऱ्हाइकाच्या तक्त्यात त्या असतील तर मी ठेवते, पण पहिल्या उल्लेखात अर्थ पूर्ण लिहिते. मुळात शेपटीच नसेल तर अंदाज बांधू नका, प्रश्न विचारा. आणखी एक चकवा : स्पॅनिश ‘मानोमेत्रो’ म्हणजे कुठलंही प्रेशर गेज. इंग्रजी मॅनोमीटर ही बहुधा पारा किंवा पाणी भरलेली यू नळी असते.

निर्वाताचा मामला याहून मजेदार आहे. समजा व्हॅक्यूम पंपाच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘२५ इंच पाऱ्याइतका निर्वात मिळेपर्यंत चालवा’, म्हणजे दाब बाहेरच्या हवेपेक्षा २५ इंच पाऱ्यानं खाली आणा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथं हवेचा दाब २८ इंचांच्या आसपास, तेव्हा चाचणीत काटा पंचविसावर येतो. मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाबच जेमतेम २३ इंच! पंप कितीही चालवा, वातावरणापासून मोजणाऱ्या गेजवर पंचवीस दिसणं शक्यच नाही. अनुवादकानं हा आकडा बदलायचा नसतो, पण डिझाइनवाल्याला कळवायचा असतो. अशी एक टीप पाठवली की पुढची पुस्तिका बहुधा तुमच्याकडेच येते, हा माझा अनुभव.

स्वल्पविरामावर मात्र मी हट्टी आहे. स्पेन, अर्जेंटिना, चिली इथं दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, मेक्सिकोत टिंब. इंग्रजीतलं ‘२,५०० पीएसआय’ स्पेनमध्ये तसंच गेलं तर वाचणारा अडीच समजू शकतो. त्यात आपल्याकडच्या ड्रॉइंगवर लाखाच्या पद्धतीनं ‘१,००,००० पास्कल’ असतं, ते तर तिकडे कुणालाच उमगत नाही. उपाय साधा आहे. हजारांच्या गटांमध्ये बारीक मोकळी जागा सोडायची, १०० ००० अशी, आणि दशांशचिन्ह देशाप्रमाणे ठेवायचं. अनुवादाची सॉफ्टवेअर निवडलेल्या देशाप्रमाणे ही चिन्हं आपोआप बदलतात, म्हणून सुरुवातीलाच देश बरोबर निवडा. नाहीतर शेवटी दोनशे ओळींचा तक्ता हातानं तपासत बसावं लागतं.

एककांच्या शेजारचे शब्दही देशागणिक बदलतात. मेक्सिकोत ‘यान्ता’ म्हणजे टायर, स्पेनमध्ये तोच शब्द चाकाच्या रिमला. ‘यान्तात ३२ पीएसआय हवा भरा’ हे स्पेनमध्ये हास्यास्पद होतं, तिथं ‘नेउमातिको’ हवं.

शिकायचं कुठून? डेले आणि सिएले या स्पॅनिशच्या परीक्षा. डेलेचं प्रमाणपत्र कायम टिकतं, सिएलेचं पाच वर्षं, त्यामुळे पैसे घालायचे तर मी डेले सुचवीन, निदान बी-टूपर्यंत. परिभाषेसाठी कोशापेक्षा युरोपीय कायद्यांचं युर-लेक्स संकेतस्थळ उघडा. दाब उपकरणांचा निर्देश २०१४/६८ तिथं इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारी-शेजारी फुकट वाचता येतो. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या पुस्तिकेचं स्पॅनिश रूप स्पेनच्या मापनशास्त्र केंद्रानं काढलंय, तेही उतरवून ठेवा. चिन्हांना अनेकवचन नसतं (७ बार), अक्षरी लिहिलं की असतं (सात ‘बारेस’), असल्या शंका तिथं पाच मिनिटांत मिटतात.

दराचं एक सांगते. पैसे शब्दावर मिळतात आणि आकड्यांच्या तक्त्यात शब्द नसतात, वेळ मात्र तिथंच जातो. काम घेण्याआधी फाइल उघडून तक्ते किती आहेत ते बघा आणि तेवढ्या भागाचा दर तासावर ठरवा. बहुतेक जण मान्य करतात. जे करत नाहीत, त्यांना आकडे त्यांच्या अभियंत्याकडून तपासून घेऊ असं लेखी द्यायला सांगा.