तळ्याच्या मातीच्या धरणाबाबत या चुका टाळा

फार्महाउस किंवा कृषी पर्यटन केंद्रासाठी ओढ्यावर बांधलेलं चार-सहा मीटर उंचीचं मातीचं धरण अनेकदा पाहुण्यांच्या सोयीसाठी नंतर केलेल्या बदलांनीच कमकुवत होतं.

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनियाचं साउथ फोर्क धरण असंच गेलं. पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने घोडागाड्या जाव्यात म्हणून त्याचा माथा खाली उतरवला आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, जाळ्या लावल्या. पाणी सोडायचे तळाचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 ला पाणी माथ्यावरून वाहिलं, धरण फुटलं आणि 2,209 माणसं मेली.

त्यामुळे सांडव्यात जाळी नको, बोटिंगसाठी पाणी वाढवायला फळ्या किंवा वाळूची पोतीही नकोत. 60 सेंमी खोल पाणी जाण्याची जागा 30 सेंमी खोल केली, तर वहनक्षमता निम्मी नव्हे, जेमतेम एक-तृतीयांश उरते. सांडवा भरावावर न काढता कडेच्या मूळ कठीण जमिनीत काढा. पुराच्या कमाल पातळीवर किमान 1 मीटर माथा मोकळा हवा. मधे खचलेला माथा दरवर्षी पावसाळ्याआधी मुरूम घालून, दाबून समतल करा, कारण पाणी सर्वांत आधी तिथूनच ओलांडतं.

भरावाची माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना 15 ते 20 सेंमीचे थर टाकून रोलरने दाबायची. नुसता ट्रॅक्टर फिरवून भागत नाही. काळी माती गाभ्यातच ठेवा. बाहेर वापरली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच पावसात त्या भेगांतून पाणी शिरतं.

गळती दिसली की घाबरून तिच्यावर काँक्रीट ओतणं ही मोठी चूक. पाण्याची वाट अडली की आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. आधी मोजा: 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते, तळ्याची पातळी आणि तारीख लिहून ठेवा. तीच पातळी असताना बादली लवकर भरू लागली तर सावध व्हा. पाणी स्वच्छ असेल तर रोज नोंद ठेवा, पण ते गढूळ झालं म्हणजे आतली माती वाहून जाते आहे. लगेच मोरी (तळातून पाणी सोडायचा पाइप) उघडून पातळी उतरवा, खालच्या वस्तीला कळवा, गळतीवर आधी जाड वाळू, मग खडी आणि वर दगड रचा. माती अडते, पाणी निघून जातं. अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा.

मोरीचा पाइप ही नाजूक जागा. भोवतीची माती हाताने, पातळ थरांत ठोकली नाही तर पाणी पाइपलगत वाट काढतं.

सावलीसाठी भरावावर आंबा, वड, बांबू लावू नका. मुळं कुजली की पोकळ नळ्या उरतात. हरळी लावा आणि आखूड कापा, म्हणजे घुशी-खेकड्यांची बिळंही दिसतील. बिळं खणून, ओलसर चिकणमाती थराथराने ठोकून बुजवा. तोंडावर दगड लावल्याने आतला बोगदा तसाच राहतो.

दुरुस्तीसाठी तळं एका रात्रीत रिकामं करू नका. पाण्याकडचा भिजलेला उतार आधाराविना घसरतो. तातडी नसेल तर दिवसाला 15 ते 30 सेंमी पुरे.