टियर केकच्या बोर्डाच्या या चुका टाळा, नाहीतर केक बसलाच म्हणून समजा

"ताई, वरचा टियर खाली बसला, क्रीम पातळ झालं होतं का हो?" अहो क्रीमला कशाला शिव्या घालता, बोर्ड कुठला लावला होता ते आधी सांगा. वरच्या टियरचं, म्हणजे वरच्या मजल्याच्या केकचं, वजन खालचा स्पंज पेलत नाही, त्यात उभे खोचलेले डॉवेल, म्हणजे आधाराच्या काड्या, पेलतात, आणि डॉवेल आणि वरचा केक यांच्यामध्ये असतो फक्त बोर्ड, म्हणजे केकखालची पाटी. तोच मऊ निघाला की खेळ खल्लास.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीने रिसेप्शनची तीन टियरची ऑर्डर घेतली, ऐनवेळी बोर्ड कमी पडले तर बाईसाहेबांनी मिठाईच्या खोक्याचं झाकण गोल कापलं, वर फॉइल गुंडाळली आणि झालं. आता फॉइल ही काय मजबुती आहे का? रात्रभर फ्रिजमध्ये राहिला, कडेने ओल आत गेली, पुठ्ठा भिजला, सकाळी मे महिन्याच्या उन्हात घाटातून गाडी. हॉलवर पोचेपर्यंत डॉवेल पुठ्ठ्यातून आरपार, मधला टियर खालच्यात चांगला दोन बोटं घुसलेला, वरचं फाँडंट, म्हणजे साखरेचं आवरण, टराटरा फाटलेलं. फुलं लावून झाकलं, पाहुण्यांना कळलं नाही, पण नवरीच्या आईला कळलं आणि पैसे कापले. चहा-वड्याच्या पैशात बोर्ड येतो हो!

मी टियरला 3-4 एमएमचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड, वापरते, खाली बेसला 12 एमएमचा, आणि बेस खालच्या केकपेक्षा 3-4 इंच मोठा. उघड्या एमडीएफवर केक ठेवायचा नाही, फूड ग्रेड शीट लावा. झालरवाले सोनेरी बोर्ड मधल्या टियरला नकोच, झालर क्रीममधून बाहेर डोकावते. 6 इंची टिनला 6 इंचीच बोर्ड, भाजल्यावर केक थोडा आक्रसतो, तेवढीच जागा क्रीमला मिळते.

दुसरी चूक बघून तर माझं डोकंच फिरतं. प्रत्येक डॉवेल खोचायचा आणि जिथे बाहेर दिसतो तिथे कापायचा. अगं, केकचा टॉप तिरका असेल तर डॉवेल पण तिरक्या उंचीचे होणार ना, मग वरचा बोर्ड एका बाजूला कलणार. सगळ्यात उंच जागी एक खोचा, खूण करा, बाहेर काढा, त्याच मापाचे बाकीचे कापा. वर 6 इंची टियर असेल तर 4 डॉवेल, 8 इंची असेल तर 6 डॉवेल. वरचा बोर्ड हलकेच ठेवून गोल आखून घ्या आणि डॉवेल त्या गोलाच्या इंचभर आत. रीलमध्ये कापाकापी अर्ध्या मिनिटात उरकते म्हणून तुम्ही पण घाई करू नका, थंड झालेल्या घट्ट केकवर शांतपणे करा.

सगळे टियर एकत्र धरणारी लांब दांडी मधून घालायची असेल तर तिचं भोक बोर्डाला केक लावायच्या आधी पाडा, नंतर नाही, भुसा केकमध्ये जातो.

आणि डिलिव्हरी देताना आत किती डॉवेल आहेत ते चिठ्ठीवर लिहून कापणाऱ्याच्या हातात द्या, मुलांच्या प्लेटमध्ये काडी गेली तर फोन तुम्हालाच येणार.