हिवाळ्यात व्हेनिस: आधी भरती बघा, मग बूट घाला

हिवाळ्यात व्हेनिसला गर्दी कमी, पण भरतीचं पाणी चौकात शिरतं. 2020पासून ‘मोझे’ या भरतीरोधक यंत्रणेची पिवळी दारं समुद्राचं पाणी अडवतात, तीही साधारण 110 सेंटिमीटर उंच भरतीचा अंदाज असेल तरच. सान मार्को चौक फार सखल. तिथे 80-90 सेंटिमीटरलाच फरशीतल्या जाळ्यांमधून पाणी बुडबुडत वर येतं. म्हणून रोज सकाळी पालिकेचा भरतीचा अंदाज बघा आणि ओहोटीला तिकडे जा. कापडी बूट नकोतच. खारं पाणी मुरलं की त्या दमट थंडीत ते लवकर वाळत नाहीत. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा बुरानो बेटावरची रंगीत घरं सकाळीच उरका. धुकं पडलं तर सान मार्कोच्या मनोऱ्यावर चढू नका, वरून काही दिसत नाही; गल्ल्या मात्र तेव्हाच सुंदर दिसतात.