नवी एअर रायफल ग्रुप देत नाही? दोष शोधायचा क्रम

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत 10 मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं. घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंत अनेक घरांत आज या खेळाची रायफल आहे. दोन-तीन लाखांची नवी रायफल येते, पहिल्या आठवड्यात गोळ्या इकडेतिकडे जातात, म्हणजे भोकांचा पुंजका (ग्रुप) जवळजवळ पडत नाही, आणि घरात प्रश्न उभा राहतो: दोष रायफलचा की मुलाचा? उत्तर मिळतं, पण त्यासाठी क्रमाने जावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. पेलेट (शिशाची गोळी), ट्रिगर आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) एकाच संध्याकाळी बदलले तर ग्रुप सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही.

सुरुवात सुरक्षेपासून. कुठलाही स्क्रू हलवण्याआधी बॅरल (नळी) रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, कॉकिंग लिव्हर उघडा ठेवा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) बॅरलमधून आरपार घाला आणि दाबाच्या हवेचा सिलिंडर काढून ठेवा. सिलिंडर काढल्यावरही रायफलच्या आत थोडी हवा उरते आणि तेवढ्या हवेवर एखादी गोळी सुटू शकते. म्हणून नळीचं तोंड कायम पेलेट ट्रॅपकडेच (गोळ्या अडवणाऱ्या पेटीकडेच) हवं.

आता रायफल आणि नेमबाज वेगळे करू. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून स्टॉकचा (ज्यावर बॅरल बसते त्या दांड्याचा) पुढचा भाग त्यावर टेकवा. बॅरल किंवा सिलिंडर टेकवू नका, कारण त्यावर दाब पडला की गोळीची जागा सरकते. दहा मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप मारा, प्रत्येक ग्रुपला नवं कागदी टार्गेट. सर्वांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून पेलेटचा व्यास, म्हणजे 4.5 मिमी, वजा करा. बाहेरून माप 7 मिमी आलं तर केंद्रांमधलं अंतर 2.5 मिमी झालं. असा ग्रुप मधोमध बसवला तर सगळे शॉट 10.5 गुणांच्या आसपास किंवा वर राहतात. टेकवून असा ग्रुप येतो आणि उभं राहून येत नाही, तर रायफल ठीक आहे. मग पोझिशन, बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) उंची आणि चीकपीस याबद्दल प्रशिक्षकांशी बोला, पान्याला हात लावू नका.

टेकवूनही ग्रुप फुटत असेल तर आधी त्याचा आकार नीट पाहा. अर्ध्याहून जास्त निदान तिथेच होतं.

भोकं उभ्या रेषेत पसरली असतील तर संशय वेगावर. 10 मीटर रायफलची गोळी साधारण 170 मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते आणि टार्गेटपर्यंत जाताना 18 मिमीच्या आसपास खाली येते. वेग 2 मीटरने घटला तर गोळी जेमतेम अर्धा मिमी खाली लागते. 10 मीटरने घटला तर दोन मिमीहून जास्त, म्हणजे टार्गेटवरची जवळजवळ एक पूर्ण रिंग. क्लबात क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा गोळ्या मोजा. चांगल्या मॅच रायफलीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक 3-4 मीटरच्या आत हवा. त्याहून जास्त आला तर रेग्युलेटर (प्रत्येक गोळीला सारख्या दाबाची हवा देणारा भाग) किंवा सील बघायचं. पण तिकडे वळण्याआधी सिलिंडरचा गेज वाचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान दाबाखाली गेल्यावर रेग्युलेटर पुरेशी हवा देऊ शकत नाही, आणि मग सत्राच्या शेवटच्या वीस गोळ्या हळूहळू खाली सरकतात. यात रायफलचा दोष नसतो, सिलिंडर वेळेवर भरला की काम झालं.

फक्त पहिली गोळी वर किंवा जोरात लागते आणि पुढच्या ठीक जातात, असं रोज होत असेल तर रायफल पडून असताना रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढे सरकतो आहे. मॅचआधी सायटिंगमध्ये (गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्यांत) दोन-तीन गोळ्या सोडल्या की हे निभावतं. मात्र नव्या रायफलीत फरक स्पष्ट जाणवत असेल तर वॉरंटीत दाखवा. रेग्युलेटर घरी उघडू नका. 200 बार दाबाखालचा भाग आहे तो, आणि एकदा उघडला की कंपनी वॉरंटी मान्य करत नाही.

भोकं आडवी पसरली असतील तर वेगाचा संबंध नाही. डायऑप्टर (मागची, बारीक भोकातून पाहायची साइट) रेलवर घट्ट आहे का पाहा, पुढच्या साइटची रिंग हलते का पाहा, बॅरलवरची वजनं सैल आहेत का पाहा. नेमबाज रायफल कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलती धरत असेल तरी असंच दिसतं. डायऑप्टर तपासायची सोपी रीत: टेकवून तीन गोळ्या मारा, मग 10 क्लिक वर, 10 उजवीकडे, 10 खाली, 10 डावीकडे, प्रत्येक टप्प्यावर तीन गोळ्या. शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींवरच पडायला हव्यात. नाही पडल्या तर डायऑप्टरच्या आत ढिलाई आहे.

दोन वेगळे ग्रुप पडतात, किंवा आठ गोळ्या एकत्र आणि दोन कुठेतरी भलतीकडे, असा आकार असेल तर आधी स्टॉकचे स्क्रू. नव्या रायफलीत ते पहिल्या काही शे गोळ्यांत बसतात आणि थोडे सैल होतात. टॉर्क रेंच घ्या आणि मॅन्युअलमधला न्यूटन-मीटरचा आकडा पाळा. हाताच्या अंदाजाने कधी आवळू नका. अॅल्युमिनियममधली आटी गेली तर खर्च मोठा येतो.

स्क्रू ठीक निघाले तर पेलेट, आणि इथे घाई अजिबात करू नका. नव्या रायफलीच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. प्रत्येक बॅरलला विशिष्ट मापाचा पेलेट मानवतो. सपाट डोक्याचे मॅच पेलेट 4.49, 4.50, 4.51 मिमी अशा डोक्याच्या मापात मिळतात, आणि एकाच मापाच्या दोन लॉटमध्येही (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या खेपांमध्येही) फरक पडतो. वजन साधारण 0.53 ग्रॅम. चार-पाच प्रकारचे डबे क्लबातल्या इतरांकडून थोडे-थोडे मागून घ्या आणि प्रत्येकाचे दहा-दहाचे पाच ग्रुप टेकवून मारा. एका ग्रुपवर निर्णय नको, एखादा सुंदर ग्रुप योगायोगानेही पडतो. पाचांची सरासरी ज्याची कमी, त्याचा लॉट नंबर डब्यावरून लिहून घ्या आणि वर्षभराचे डबे त्याच लॉटचे घ्या. भरताना पेलेटचा मागचा घेर बोटाने फिरवून पाहा. चेपलेला असेल तर तो सरावातही वापरू नका.

पेलेट बदलताना बॅरलही पाहा. कारखान्यातून येताना बॅरलमध्ये तेल असतं, आणि ते निघेपर्यंत पहिल्या गोळ्या भरकटतात. तेल न लावलेले दोन-तीन फेल्ट (साफसफाईचे नमद्याचे बोळे) दोरीच्या क्लीनरने मागच्या बाजूने पुढे ओढा, स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर 15-20 गोळ्या मोजमापाविना मारा, म्हणजे शिशाचा पातळ थर पुन्हा बसतो. पुढे दर 500 गोळ्यांनी, म्हणजे एक डबा संपल्यावर, एवढंच पुरे. रोज साफ केल्याने ग्रुप सुधारत नाही.

हवेची गळती ओळखायला एक रात्र लागते. सिलिंडर 200 बारपर्यंत सावकाश भरा. भरताना तो तापतो आणि थंड झाल्यावर गेज जास्तीत जास्त 10 बारने खाली येतो, ती गळती नव्हे. थंड झाल्यावरचा आकडा लिहा. एक रात्र सिलिंडर काढून ठेवा, दुसऱ्या रात्री रायफलला लावून ठेवा. काढलेला असतानाच दाब उतरला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह. लावलेला असतानाच उतरला तर जोडणीची ओ-रिंग (गोल रबरी कडी) किंवा रायफलचे आतले सील. साबणाचं पाणी ब्रशने जोडणीवर लावा, बुडबुडे जागा दाखवतील. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. साधं मशीन ऑइल तिथे चालत नाही, उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. आणि ऑक्सिजन तर कधीच भरू नका. गोळी सुटताना गालावर हवेचा झोत जाणवतो का? पेलेट बसतो तिथे मागे टिश्यू पेपरची पट्टी धरून ट्रॅपकडे गोळी सोडा. पट्टी उडाली तर ब्रीचची ओ-रिंग झिजली किंवा कापली गेली आहे. ही रिंग स्वस्त असते, सुट्या भागांत एक जास्तीची ठेवा.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो जास्तीत जास्त दहा वर्षं वापरता येतो, आणि ही दहा वर्षं बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. दुकानात दोन वर्षं पडलेला सिलिंडर तुम्हाला आठच वर्षं वापरता येतो. घेतानाच वाचून घ्या.

ट्रिगर फार हलका लावला असेल तर रायफल बंद करतानाच सुटू शकते. रिकामी रायफल ट्रॅपकडे धरून कॉक करा आणि बट रबराच्या चटईवर हलकेच आपटा. सुटली तर ट्रिगर जड करा. तरीही सुटत असेल तर त्या दिवसापासून ती वापरू नका, आत सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याची) कड तपासावी लागेल. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर कधी सुटतो, कधी नाही, असं झालं तर आधी बॅटरी बदला.

आपल्याकडे पावसाळ्याचा वेगळा विचार करावाच लागतो. वाशी-नेरुळच्या एसी रेंजमधून थंड झालेली रायफल जुलैच्या दमट हवेत उघडली की धातूवर दव धरतं. म्हणून घरी पोहोचल्यावर केस अर्धा तास बंदच ठेवा. रायफल खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा, कोरड्या कापडाने पुसा आणि केसचा फोम पंख्याखाली वाळवा. ओला फोम बंद केसमध्ये राहिला तर आठवड्याभरात स्टीलवर गंजाचे ठिपके येतात. सिलिका जेलची पाकिटं निळी असतील तर गुलाबी झाल्यावर बदला. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात ते टाळलेलं बरं, कारण दमट हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमधून रेग्युलेटरपर्यंत जातं. क्लबातल्या फिल्टर लावलेल्या मोठ्या सिलिंडरवरून भरा. मे महिन्यात पार्किंगमधल्या गाडीत केस ठेवू नका: 25 अंशांना 200 बार असलेला सिलिंडर 55 अंशांना 220 च्या आसपास जातो.

हे सगळं करूनही ग्रुप सुधारला नाही तर सर्व्हिसकडे पाठवा. सोबत वही द्या: कोणत्या लॉटचे पेलेट, पाच ग्रुपची मापं, वेगाचे आकडे, दोन रात्रींचा गेज, आजवरच्या गोळ्यांचा अंदाज. मारलेली टार्गेट्सही जोडा आणि बरोबर आलेलं फॅक्टरी टेस्ट कार्डही, म्हणजे मेकॅनिकला त्याच प्रकारच्या पेलेटवर तुलना करता येते. कुरिअर करताना सिलिंडर पूर्ण रिकामा करूनच पाठवा.