पिण्याच्या पाण्यातील जिवाणूंची तपासणी: नमुना कोठून, केव्हा आणि कसा घ्यावा

विष्ठेतून पाण्यात मिसळणारे जिवाणू पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलतीलच असे नाही. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठच्या गावांत पावसाळ्यात गढूळ पाणी आले की हंड्यात तुरटी फिरवतात. त्याने गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ दिसते, परंतु तेवढ्याने ते पिण्यास निर्धोक झाले असे मुळीच समजू नये. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू आढळता कामा नये. हा जिवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार अपायकारक नसले, तरी तो पाण्यात सापडला म्हणजे विष्ठेला पाण्यापर्यंत वाट मिळालेली असते, आणि त्याच वाटेने कॉलरा, विषमज्वर व हगवण यांचे जंतूही येऊ शकतात.

तपासणी करताना बहुतेक ठिकाणी एकच नमुना घेतला जातो, आणि माझ्या मते खरी उणीव तेथेच आहे. एका नमुन्यावरून पाणी दूषित आहे एवढेच कळते, ते कोठे दूषित झाले हे कळत नाही. म्हणून एकाच दिवशी तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत: विहीर किंवा कूपनलिका, घरातील नळ आणि स्वयंपाकघरातील पिण्याचा हंडा. विहिरीचे पाणी चांगले आणि नळाचे वाईट निघाले, तर दोष टाकीत किंवा जलवाहिनीत शोधावा. नळाला ठरावीक वेळच पाणी येते अशा गावांत पुरवठा बंद झाल्यावर वाहिनीतील दाब उतरतो आणि गटाराशेजारच्या गळक्या जोडातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाचे पाणी चांगले आणि हंड्याचे वाईट निघाले, तर दोष घरातील भांड्यात, तांब्यात किंवा पाण्यात बुडणाऱ्या हातात असतो.

गावपातळीवर एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटलीची चाचणी सर्वांत सोपी आहे; विष्ठेतील जिवाणू हा गंधकयुक्त वायू तयार करतात आणि त्याने बाटलीतील पाणी काळे पडते. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही पद्धत आज अनेक ग्रामपंचायतींच्या परिचयाची आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतील बाजूला बोट लागू देऊ नये आणि खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावावे. त्यानंतर बाटली उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवावी. हिवाळ्यात ती फडक्यात गुंडाळावी आणि पूर्ण ४८ तास थांबावे. पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे. मात्र भूजलात नैसर्गिकरीत्या गंधकाची संयुगे असतील, तर विष्ठा नसतानाही रंग काळा होऊ शकतो; विशेषतः पाणी ओतताच बाटली काळी पडली, तर असा संशय घ्यावा. उलट बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी शुद्ध असल्याचा दाखला मिळाला, असेही होत नाही. त्यामुळे शंका असल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवलाच पाहिजे. काळ्या पडलेल्या बाटलीत जिवाणूंची भरमसाट वाढ झालेली असते. ती मुलांच्या हाती लागू न देता तिच्यात ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ओतावे, काही तास ठेवावे आणि मगच ती पुरून टाकावी.

जिल्हा आणि उपविभाग पातळीवरील पाणी तपासणी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. तेथे आधी चौकशी करून निर्जंतुक बाटली आणावी. तिच्या तळाशी दिसणारी पूड किंवा थेंब धुऊन टाकू नये, कारण पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी ते औषध घातलेले असते. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाची जाळी किंवा रबरी नळी काढावी, धातूचा नळ स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून तापवावा, प्लास्टिकचा असल्यास स्पिरिटने नुसता पुसावा आणि दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग बाटली भरावी. वर थोडी जागा रिकामी ठेवावी. हंड्यातील नमुना मात्र घरचे लोक रोज वापरतात त्याच तांब्याने घ्यावा, कारण ते प्रत्यक्ष काय पितात हे आपल्याला तपासायचे आहे. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर केव्हा टाकली ते लिहून ती बर्फाच्या डब्यातून पाठवावी. शक्यतो ६ तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. सुटीच्या आदल्या दिवशी नमुना घेऊ नये.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. उन्हाळ्यातील चांगल्या अहवालावर पावसाळा काढणे धोक्याचे आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर तपासणी करावीच. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली जिल्ह्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली होती. अशा पुरानंतर बुडालेली विहीर उपसून तिच्यात टीसीएल टाकावी, ओटी चाचणीत (पाण्यात उरलेले क्लोरीन पिवळ्या रंगावरून ओळखण्याची चाचणी) पिवळा रंग येणे थांबल्यावर जिवाणूंसाठी नमुना घ्यावा आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यावा.

अहवाल दूषित आल्यास पिण्याचे पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्याची देखरेख करणारा कर्मचारी) यांना लेखी कळवावे आणि गळती काढून क्लोरीन दिल्यावर त्याच तीन ठिकाणांहून पुन्हा नमुने घ्यावेत. रोजच्या खात्रीसाठी टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने, तसेच शेवटच्या नळावरही ओटी चाचणी करावी. तेथे प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे.