कमी बजेटमध्ये ड्रॉइंग टॅबलेट घेताय? या चुका टाळा

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ए ग्रेड मिळवलेली, रेषेत जान असलेली मुलं जळगाव, धुळे, नंदुरबारकडे भरपूर आहेत. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले की घरचे त्यातून चार-पाच हजार काढून देतात आणि टॅबलेट येतो. महिन्याभरात तो परत खोक्यात जातो. याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मुलाचा हातही चांगला असतो आणि टॅबलेटही धड असतो. गडबड असते निवडीत, नाहीतर सेटिंगमध्ये.

मोबाइलच्या दुकानातला टॅब

स्वस्त अँड्रॉइड टॅब आणि सोबत रबरी टोकाचा पेन, हा सौदा चित्रासाठी घेऊ नका. तो पेन म्हणजे फक्त बोटाची जागा घेणारी काडी. दाब कमी-जास्त केला तरी रेषा जाड-बारीक होत नाही. घरी साधा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर त्याला केबलने जोडायचा, बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घ्या. पेन या पाटीवर फिरतो, चित्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतं. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांचे लहान मॉडेल साधारण तीन ते पाच हजारांत बसतात. कॉम्प्युटर नसून फक्त फोन असेल, तर त्या मॉडेलच्या माहितीत अँड्रॉइड चालतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते आधी वाचा. सगळी मॉडेलं फोनवर चालत नाहीत.

स्क्रीनवाल्या टॅबलेटचा मोह होतो, पण पहिल्याच खरेदीत तो टाळावा असं माझं ठाम मत आहे. पैसे कितीतरी पट जातात, आणि बहुतेकांना वेगळी वीज लागते. बिनस्क्रीनचा टॅबलेट लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत काम थांबत नाही.

आकड्यांना भुलणं

खोक्यावर ८१९२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनाच्या दाबाच्या इतक्या पायऱ्या ओळखतो, असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक चित्र काढताना हाताला जवळपास कळत नाही. हलक्यात हलक्या स्पर्शाला रेषा उमटते का, हे जास्त महत्त्वाचं. पेन्सिलसारखं आडवं शेडिंग करणार असाल तर पेन तिरका धरलेला ओळखणारं, म्हणजे टिल्ट असलेलं मॉडेल बघा. अक्षरलेखन, कार्टून, लोगो यांसाठी टिल्ट नसला तरी चालतो. पेन मात्र बिनबॅटरीचाच घ्या. चार्जिंगची कटकट नाही, आणि भुसावळच्या ४५ अंशांत बॅटरी खराब होण्याची भीतीही नाही.

पैसे लावायचेच असतील तर ते आकारात लावा. ६ बाय ४ इंची टॅबलेट १५.६ इंची लॅपटॉपला जोडला, तर हात १ सेंटिमीटर सरकला की कर्सर साधारण सव्वादोन सेंटिमीटर सरकतो. तोच टॅबलेट २४ इंची मॉनिटरला लावला की हे प्रमाण साडेतीन पट होतं. मग बारीक काम मनगट आखडून करावं लागतं आणि लांब, वाहती रेषा येतच नाही. लॅपटॉपवर ६ बाय ४ पुरतो. मोठा मॉनिटर असेल किंवा खांद्यातून हात फिरवून काढायची सवय असेल, तर १० बाय ६ इंचांच्या आसपासचा घ्या. पण आधी टेबलावर कागद ठेवून मोजा. कीबोर्डशेजारी जागाच नसली तर मोठा टॅबलेट मांडीवर येतो, कर्सर तिरका जातो.

जुना मिळत असेल तर केबलची खाच ढिली नाही ना आणि पेन त्याच मॉडेलचा आहे ना, हे बघा. एका कंपनीचा पेन दुसरीच्या टॅबलेटवर चालत नाही. जास्तीच्या निबा (पेनाची बदलता येणारी टोकं) मिळतात का, तेही विचारा.

“टॅबलेट खराब निघाला”

पेन कमी-जास्त दाबूनही रेषा जाड-बारीक होत नसेल तर आधी जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट कॉम्प्युटरला ओळखू देणारं सॉफ्टवेअर, काढून टाका. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मग कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. क्रिता हे चित्र काढायचं फुकट आणि उत्तम सॉफ्टवेअर विंडोजवर वापरत असाल तर त्याच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय दिसतील. पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायच्या या दोन पद्धती. एकाने जमलं नाही तर दुसरा लावून बघा. ड्रायव्हरमध्येही विंडोज इंकची खूण असते, ती या निवडीशी जुळली पाहिजे.

पेन टेकवल्यावर गोल रिंग येऊन रेषा उशिरा सुरू होत असेल, तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘पेन अँड टच’ उघडून ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करा. वर्तुळ काढलं आणि अंडं झालं, तर ड्रायव्हरमध्ये टॅबलेटचं आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं करा.

सावकाश काढलेली तिरकी रेषा थरथरत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. रेषा सरळ आली तर दोष विजेचा. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नीट नसतं, एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचे असतात, आणि चार्जरमधला गोंधळ टॅबलेट पकडतो. अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटला लावा.

रेषा पेनाच्या मागून रखडत येत असेल तर कॅनव्हासचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चित्राच्या पानाचा, आकार तपासा. फ्लेक्सचं काम करणाऱ्यांची ही नेहमीची चूक: १० बाय ८ फुटांचा बॅनर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) उघडला की तो ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल होतो, आणि चित्राचा एकेक थर, म्हणजे लेअर, ४ जीबीच्या पुढे जातो. तिथे कुठलाही टॅबलेट रखडणारच. लांबून बघायच्या बॅनरला ७२ डीपीआय पुरतं. मग लेअर सुमारे २४० एमबीवर येतो.

उन्हाळ्यात घामाने हात चिकटतो. दोन बोटांचा हातमोजा वापरा. हात टेकल्याने बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर रेघ उमटत नाही, हातमोजा फक्त घसरण्यासाठी, म्हणून महागाचा नको.

परत करण्याआधी

हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याची सवय व्हायला काही आठवडे जातात. रोज थोडा वेळ अ, ळ, क्ष अशी वळणाची अक्षरं मोठी काढा, दोन ठिपके एका झटक्यात जोडा. पण यंत्राची तपासणी लांबवू नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल जपा, आणि परतीची मुदत संपायच्या आत चारही कोपऱ्यांत रेषा ओढून, दाब आणि पेनाची बटणं बघून घ्या.