तळ्यातलं फूल कमळ आहे की कुमुद, कसं ओळखायचं?

लक्ष्मीपूजनाला कमळ म्हणून आणलेलं फूल कधीकधी कमळ नसतंच, ते असतं कुमुद, म्हणजे वॉटर लिली. आमच्या घरी दोन वर्षं हेच झालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. कारण दोन्ही पाण्यात, दोन्हीची पानं गोल, आणि जुन्या वनस्पतीशास्त्रातही कमळ कुमुदाच्याच कुळात घातलेलं होतं. आता ते वेगळं कुळ आहे, नेलंबोनेसी. त्यात वंश एकच आणि जाती फक्त दोन: आपलं गुलाबी-पांढरं कमळ आणि अमेरिकेतलं पिवळं.

आधी पान बघा. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते, जणू कुणी कात्रीने एक फोड कापून नेलीय. कमळाचं पान अख्खं गोल असतं आणि देठ बरोब्बर मधोमध खालून चिकटलेला, उलट्या छत्रीसारखा. मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात, कोवळी मात्र तरंगतात, त्यामुळे तरंगतंय म्हणजे कुमुद असं लगेच ठरवू नका, चीरच शोधा.

मग पानावर चमचाभर पाणी टाका. आपण अळवावरचं पाणी म्हणतो ना, अगदी तसंच, कमळाच्या पानावर थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे धावतात आणि जाताना धूळ घेऊन जातात. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, त्यावर मेणाचा थर, म्हणून थेंबाला धरायला जागाच मिळत नाही. कुमुदाच्या पानावर थेंब इतके मोकळे पळत नाहीत.

आता कमळाचा देठ हातात घ्या, पण जपून, त्याला बारीक खरखरीत काटे असतात. देठ मोडा आणि दोन तुकडे हळूहळू लांब करा. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे चिवट धागे ताणले जातात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या आतली ही स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, ती उलगडत येते. म्यानमारमधल्या इनले सरोवराकाठी बायका हेच धागे हाताने काढून कापड विणतात! मोडलेल्या तोंडावर पोकळ नळ्याही दिसतील, चिखलात गाडलेल्या खोडाला हवा त्यातूनच जाते. ते खोड म्हणजे बाजारातली कमळकाकडी, तिच्या चकत्यांना भोकं का असतात ते आता कळलं असेल.

फूल बघताना ते पाण्यावर उभं आहे का यावर जाऊ नका, आपल्याकडची कुमुदंही डोकं वर काढतात. पाकळ्या बाजूला करून मधे बघा. कमळात झारीच्या तोंडासारखा पिवळसर शंकू असतो आणि त्यात एकेक स्त्रीकेसर वेगळा रुतून बसलेला, भोवती पुंकेसरांचा दाट झुबका. कुमुदात असा शंकू नसतोच. हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो कारण कमळाचं फूल उमलत असताना स्वतःला गरम ठेवतं, बाहेर १० अंश असलं तरी आत ३० ते ३६, परागीभवन करणाऱ्या भुंगेऱ्यांना आत ऊब मिळते.

पाकळ्या गळल्या की तोच शंकू वाळून तपकिरी होतो आणि त्याच्या भोकांत कडक काळे कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या बिया, खुळखुळतात. मखाणे याचेच असतात असं खूप जण समजतात पण नाही, मखाणा कुमुदाच्या कुळातला. आणि घरच्या कुंडीत पावसाळ्यात रात्री फुलणारं ब्रह्मकमळ तर निवडुंगाच्या कुळातलं, त्याचा इथे काही संबंध नाही. कमळाची खरी जवळची भावंडं डीएनए तपासल्यावर सापडली आणि ती चक्क झाडं निघाली, काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे लावतात तो सिल्व्हर ओक.

तळं जवळ नसेल तर पूजेच्या दुकानातून दोन-चार कमळगट्टे आणा. कवच इतकं घट्ट असतं की चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षांचं बी रुजल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. म्हणून बी पॉलिशपेपरवर एका टोकाला घासा, आतला पांढुरका गर दिसला की थांबा आणि कोमट पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. ताजं असेल तर आठवड्याभरात हिरवा कोंब बाहेर येतो आणि मग नाण्याएवढं पहिलं पान पाण्यावर पसरतं, त्याला चीर आहे का ते बघा.